सायन्स फिल्म फेस्टिव्हलला फिल्म पाठवायचीय? मग हे वाचून घ्या

बऱ्याच जणांकडे सायन्सवरची एखादी फिल्म पडून असते. कुणी एमएस्सी करताना लॅबमध्येच शूट केलेली, कुणी मासकॉमच्या फायनल प्रोजेक्टसाठी केलेली, कुणी नोकरी सांभाळून शनिवार-रविवारी सह्याद्रीत कॅमेरा घेऊन फिरत जमवलेली. ती एकदा कॉलेजात दाखवतात, युट्यूबवर टाकतात, नातेवाईक लाईक करतात आणि विषय संपतो. पण फक्त अशाच फिल्म्ससाठी भरणारे फेस्टिव्हल्स आहेत, आपल्याकडेही आहेत आणि बाहेरही आहेत, आणि तिथे पाठवायला मोठं बजेट लागतं किंवा ओळख लागते असं अजिबात नाही. मी एडिटिंग करतो आणि मित्रांच्या, विद्यार्थ्यांच्या एंट्र्या भरायला मदत करत असतो, त्यातून जे कळलंय ते इथे लिहितोय.

उदाहरण म्हणून न्यूयॉर्कचा इमॅजिन सायन्स फिल्म फेस्टिव्हल धरतो, कारण सायन्स आणि सिनेमा दोन्हीला सारखं वजन देणारा फेस्टिव्हल कसा असतो ते त्याच्यावरून चांगलं कळतं. हा २००८ साली अलेक्सिस गाम्बिस यांनी सुरू केला. हे स्वतः जीवशास्त्रज्ञ, रॉकफेलर युनिव्हर्सिटीची पीएचडी, आणि नंतर न्यूयॉर्क युनिव्हर्सिटीत फिल्ममेकिंग शिकले. २०२१ मध्ये सनडान्स या अमेरिकेतल्या फिल्म फेस्टिव्हलला सायन्सवरच्या फीचर फिल्मसाठी जो स्लोन फाउंडेशनचा पुरस्कार असतो तो त्यांच्याच फिल्मला मिळाला, आणि तिचा नायक फुलपाखरांवर काम करणारा मेक्सिकन शास्त्रज्ञ आहे. म्हणजे फेस्टिव्हल चालवणारा माणूसच दोन्हीकडचा आहे. फेस्टिव्हल ऑक्टोबरात असतो, अबू धाबीतही त्यांची एक आवृत्ती न्यूयॉर्क युनिव्हर्सिटीच्या तिथल्या कॅम्पसवर होत आलीय, आणि डॉक्युमेंटरी, फिक्शन, अॅनिमेशन, एक्स्परिमेंटल असं सगळं घेतात.

हे शेवटचं नीट लक्षात घ्या, कारण आपल्याकडे सायन्स फिल्म म्हटलं की डोळ्यासमोर येतो तो माहितीपट, ज्यात एक भारदस्त आवाज मागून बोलतोय, एक सर टेबलामागे बसून समजावतायत आणि मधेमधे ग्राफिक्स. तसं केलं तर चुकलं असं नाही, पण अशा फेस्टिव्हलला फक्त तेवढंच नको असतं. वीस मिनिटांची फिक्शन चालते ज्यात एक लॅब टेक्निशियन रात्रपाळीत एकटी आहे आणि तिने बशीत वाढवलेलं पेशींचं कल्चर का मरतंय ते तिला कळत नाहीये. संवाद नसलेली तीन मिनिटांची अॅनिमेशन फिल्म चालते. नुसती मायक्रोस्कोपमधून दिसणारी दृश्यं आणि आवाज यांची फिल्मसुद्धा चालते. अट एवढीच की सायन्स काढून घेतलं तर फिल्म उभीच राहू नये.

ही कसोटी मी प्रत्येकाला फॉर्म भरायला बसायच्या आधी लावायला सांगतो. नायक शास्त्रज्ञ आहे, पण तो बँकेत असता तरी गोष्ट तीच राहिली असती का? राहिली असती तर ती सायन्स फिल्म नाही, ती दुसरीकडे पाठवा, तिकडे तिचं चांगलं होईल, इथे उगाच फी जाईल. आणि उलट बाजूने, फिल्ममध्ये माहिती ठासून भरलीय पण एकही माणूस, एकही प्राणी, एकही प्रश्न असा नाही की ज्याचं पुढे काय होणार याची उत्सुकता वाटावी, तर ते लेक्चर झालं.

हे सगळ्यात आधी कुठे उघडं पडतं तर लॉगलाइनमध्ये, म्हणजे फिल्म एक-दोन वाक्यांत सांगायची असते तिथे. समजा तुमची फिल्म लोणारवर आहे. बहुतेक जण लिहितात: "लोणार सरोवराच्या वैज्ञानिक, ऐतिहासिक व पर्यावरणीय महत्त्वावर प्रकाश टाकणारा माहितीपट." यातून निवडणाऱ्याला काय कळलं? काहीच नाही. त्याच्यासमोर त्या दिवशी तीस फिल्म्स आहेत आणि त्यातल्या दहा अशाच कशावर तरी प्रकाश टाकतायत. आता हे बघा: "२०२० च्या जूनमध्ये लोणारचं पाणी अचानक गुलाबी झालं. काठावरच्या देवळात रोज पूजा करणारा म्हातारा गुरव आणि पाण्याचे नमुने घ्यायला पुण्याहून आलेली संशोधक, दोघं त्या रंगाकडे आपापल्या प्रश्नाने बघतात." इथे जागा आहे, वेळ आहे, माणसं आहेत, आणि सायन्स कशाच्या आत आहे तेही दिसतं. गुरव आणि संशोधक मी उदाहरणासाठी घेतलेत पण पाणी खरंच गुलाबी झालं होतं, पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने नमुने तपासले आणि खारट पाण्यात वाढणाऱ्या हॅलोआर्किया नावाच्या सूक्ष्मजीवांच्या रंगद्रव्यामुळे तसं झालं असं सांगितलं. पाणी आटलं, खारटपणा वाढला, हे जीव वाढले. एवढी मोठी गोष्ट आपल्या बुलढाणा जिल्ह्यात घडते आणि आपण "महत्त्वावर प्रकाश" लिहून मोकळे होतो, याचं मला खरंच वाईट वाटतं.

विषयांची आपल्याकडे वाण नाहीच. नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या तीस अँटेना आहेत, प्रत्येकी ४५ मीटर व्यासाची, आणि आजूबाजूला शेती चालू आहे. त्या भागात मोबाईल टॉवरपासून कशाकशाचा रेडिओ गोंगाट नको असतो, म्हणजे दुर्बीण आणि गाव यांचं नातं हाच एक सिनेमा आहे. आणि आपल्या सिनेमाची सुरुवातच या वाटेने झालीय हे किती जणांना माहितीय? दादासाहेब फाळक्यांनी पहिला कथापट करायच्या आधी, १९१२ मध्ये, कुंडीत वाटाणा लावून त्याचं रोप कसं वाढतं ते एकेक फ्रेम घेत शूट केलं होतं, म्हणजे आज आपण ज्याला टाइमलॅप्स म्हणतो तेच, आणि ते दाखवून त्यांनी भांडवल देणाऱ्याला पटवलं. तेव्हा फोनवर टाइमलॅप्स काढणाऱ्या पोरांनी स्वतःला कमी समजायचं काही कारण नाही.

आता विश्वासार्हता. सायन्स फेस्टिव्हलच्या ज्युरीत शास्त्रज्ञ बसलेले असू शकतात आणि त्यांचा डोळा भलत्याच गोष्टींवर जातो. काही गोष्टी एडिटच्या वेळीच सांभाळा. मायक्रोस्कोपची दृश्यं वापरत असाल तर स्केल बार, म्हणजे आकार कळावा म्हणून कोपऱ्यात असते ती मापाची रेघ, क्रॉप करून टाकू नका, फ्रेम स्वच्छ दिसावी म्हणून लोक तो कापतात आणि मग समोरची वस्तू केसाएवढी आहे की केसाच्या शंभराव्या भागाएवढी ते कळायला मार्गच राहत नाही. सगळ्या शॉट्सवर नको असेल तर निदान पहिल्या शॉटवर ठेवा. इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपची चित्रं मुळात काळी-पांढरी असतात, रंग नंतर भरलेला असतो, तर रंगीत वापरली असतील तर शेवटच्या श्रेयनामावलीत एक ओळ टाका. टाइमलॅप्स असेल तर किती वेळ किती सेकंदात बसवलाय ते कुठेतरी कळू द्या. अंतराळाच्या शॉटखाली घरघर लावायची की शांतता ठेवायची हा तुमचा निर्णय, फिक्शनमध्ये कुणी अडवणार नाही, पण डॉक्युमेंटरीत रेडिओ सिग्नलचं आवाजात रूपांतर करून वापरलं असेल तर ते रूपांतर आहे हे सांगितलंच पाहिजे, नाहीतर बघणाऱ्याला वाटतं तारा खरंच असा वाजतो.

आणि पिक्चर लॉक करायच्या, म्हणजे एडिट पक्कं करायच्या आधी त्या विषयातल्या एका माणसाला फिल्म दाखवा. जे सर फिल्ममध्ये दिसतायत त्यांना दाखवालच, पण त्यांच्याशिवाय आणखी एकाला, ज्याचा फिल्मशी संबंध नाही. आपल्याकडे यासाठी माणसं मिळतात हो, आयुका, आयसरसारख्या संशोधन संस्था, होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र, मराठी विज्ञान परिषद, झालंच तर तुमच्या गावच्या कॉलेजचे झूलॉजीचे प्राध्यापक. मेल नीट लिहा, फिल्म किती मिनिटांची आहे ते सांगा आणि नेमकं काय बघायचंय ते विचारा: "सातव्या मिनिटापासून नवव्या मिनिटापर्यंतच्या निवेदनात काही चूक आहे का?" एवढाच प्रश्न विचारलात तर बिझी माणूसही उत्तर देतो, "फिल्म कशी वाटली सांगा" म्हणालात तर "छान आहे, शुभेच्छा" येतं आणि त्याचा काही उपयोग नसतो. त्यांनी मदत केली तर श्रेयनामावलीत विज्ञान सल्लागार म्हणून नाव द्या, त्यांना विचारून.

परवानग्यांचं प्रकरण कंटाळवाणं आहे पण सिलेक्शन झाल्यावर हेच आडवं येतं, कारण फेस्टिव्हलच्या अटींमध्ये तुम्ही सही करून देता की फिल्ममधल्या सगळ्या गोष्टींचे हक्क तुमच्याकडे आहेत. लोणारचंच बघा, ते वन्यजीव अभयारण्य आहे, २०२० पासून महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीतही आहे, तिथे शूटला वनविभागाची परवानगी लागते. ड्रोन उडवणार असाल तर २०२१ चे ड्रोन नियम वाचा, २५० ग्रॅमपर्यंतचा नॅनो ड्रोन आहे म्हणजे कुठेही उडवा असं होत नाही, झोन बघावा लागतो आणि अभयारण्यात वनखात्याची परवानगी वेगळी. लॅबमध्ये शूट केलं असेल तर संस्थेचं पत्र घ्या, नुसत्या सरांच्या तोंडी हो वर राहू नका, कारण त्यांनी दिलेला डेटा किंवा व्हिडिओ अजून पेपरमध्ये छापून आलेला नसेल तर तो बाहेर दाखवता येईल का हे त्यांनाही गाइडला विचारावं लागतं.

उचललेल्या फुटेजचं असं आहे. नासाच्या स्वतःच्या फोटो-व्हिडिओंवर साधारणपणे कॉपीराइट नसतो, श्रेय द्या, पण नासाचा लोगो वापरू नका आणि नासाचा तुमच्या फिल्मला पाठिंबा आहे असं वाटेल असं काही करू नका. शिवाय नासाच्या साइटवर दुसऱ्यांचेही फोटो असतात, म्हणून प्रत्येक फोटोखालची श्रेयाची ओळ वाचायची. युरोपियन सदर्न ऑब्झर्व्हेटरीची बहुतेक चित्रं श्रेय देऊन वापरता येतात, त्यांना श्रेय ज्या शब्दांत हवंय ते तसंच्या तसं द्या. युट्यूबवरून डाउनलोड केलेलं काहीही, कितीही छोटं असलं तरी, काढून टाका.

संगीताचा घोळ सगळ्यात जास्त. "फ्री म्युझिक" म्हणून उतरवलेलं गाणं बऱ्याचदा क्रिएटिव्ह कॉमन्सचं, म्हणजे अटी पाळून फुकट वापरायच्या लायसन्सचं असतं, आणि त्याच्या लायसन्समध्ये एनडी (नो डेरिव्हेटिव्ह्ज, बदल करायचा नाही) असेल तर ते फिल्मच्या दृश्यांना जोडताच येत नाही, कारण दृश्याला संगीत जोडणं हे त्यांच्या हिशेबात बदल करणं आहे. एनसी (नॉन-कमर्शियल) असेल तर व्यावसायिक वापर नाही, म्हणजे उद्या एखाद्या प्लॅटफॉर्मने फिल्म विकत घ्यायची म्हटली की अडलं. एसए (शेअर-अलाइक) असेल तर तुमची फिल्मही त्याच लायसन्सखाली द्यावी लागू शकते. त्यापेक्षा ओळखीचा कुणी सिंथ वाजवणारा, बासरी वाजवणारा मित्र पकडा, त्याच्याकडून एका पानाचं सहीचं पत्र घ्या. फिल्मही वेगळी वाटते.

तांत्रिक बाबतीत शूटच्या आधी वाचत असाल तर सेकंदाला २४ फ्रेमवर शूट करा. आपल्याकडे सवयीने २५ लावतात, पण डीसीपीला, म्हणजे थिएटरच्या प्रोजेक्टरवर चालवायच्या डिजिटल कॉपीला, सगळीकडे निर्धास्त चालतो तो २४ चा रेट, आणि नंतर २५ चं २४ करताना आवाजाची लांबी, सूर, सबटायटल्सच्या वेळा सगळं हलतं. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची असल्यामुळे लॅबमधल्या ट्यूबलाइटखाली २४ फ्रेम लावलेत की शटर एक पन्नासांश सेकंद ठेवा, म्हणजे लाइट फडफडत नाही. शूट आधीच २५ वर झालं असेल तर घाबरायचं कारण नाही, सिलेक्शननंतर फेस्टिव्हलला विचारा, बरेच जण प्रोरेस फॉरमॅटमधली २५ ची व्हिडिओ फाइलही घेतात.

एंट्रीच्या वेळी डीसीपी लागत नाही, लागतो तो स्क्रीनर, म्हणजे निवडणाऱ्यांनी बघायची कॉपी, साधी एच २६४ ची व्हिडिओ फाइल, १०८० ची, आवाज स्टिरिओ. कलर करेक्शन अजून पूर्ण झालं नसेल तर चालेल, तसं फॉर्ममध्ये लिहा, पण आवाज खराब असेल तर पाठवूच नका, तुमची डेडलाइन हुकली तरी चालेल. खराब चित्र लोक सहन करतात, मुलाखतीतला एसीचा घरघराट नाही सहन करत. आणि सुरुवातीला कॉलेजचा लोगो, संस्थेचा लोगो, प्रायोजकांचे आभार, प्राचार्यांचं नाव, सरस्वतीचं चित्र असं मिनिटभर जे चालतं ते सगळं शेवटी हलवा. बघणारा पहिल्या दोन मिनिटांत ठरवत असतो की मन लावून बघायचं की नाही, ती दोन मिनिटं तुमच्या फिल्मची आहेत.

सबटायटल्स इंग्लिशमध्ये लागणारच. हे काम शेवटच्या रात्रीवर ठेवू नका आणि ऑटो ट्रान्सलेटवर तर अजिबात सोडू नका, गावाकडच्या बोलीचं ते काहीतरी भयंकर करतं. एका ओळीत साधारण ४२ अक्षरं, जास्तीत जास्त दोन ओळी, आणि वाचायला पुरेसा वेळ. शास्त्रज्ञ भराभर बोलत असतील तर सगळं भाषांतर करत बसायचं नाही, अर्थ ठेवून छाटायचं, पण संख्या आणि एकक छाटायचं नाही. आणखी एक बारकावा, सबटायटल्सची एसआरटी फाइल सेव्ह करताना एन्कोडिंग यूटीएफ-८ ठेवा. मायक्रोमीटरचं µ, तापमानाचं °, हे चिन्ह नाहीतर समोरच्याच्या मशीनवर प्रश्नचिन्ह किंवा चौकोन होऊन येतं, आणि "५ µm" च्या जागी "५ ?m" पाहणारा शास्त्रज्ञ ज्युरी काय विचार करेल ते सांगायला नको. स्क्रीनरवर सबटायटल्स चित्रातच पक्के करून टाका आणि सबटायटल्स नसलेली स्वच्छ कॉपी वेगळी ठेवा, ती पुढे लागते.

आता प्रत्यक्ष फॉर्म. बहुतेक बाहेरचे फेस्टिव्हल फिल्मफ्रीवे नावाच्या साइटवरून एंट्री घेतात. तिथे एकदा तुमच्या फिल्मचं पान तयार केलं की तेच पान वेगवेगळ्या फेस्टिव्हलना पाठवता येतं, म्हणून ते पान नीट करण्यात एक अख्खा दिवस घालवला तरी वसूल आहे. मूळ नाव आणि इंग्लिश नाव दोन्ही द्या. लांबी सेकंदांसह, श्रेयनामावली धरून. फिल्म पूर्ण झाल्याची तारीख खरी टाका, बऱ्याच ठिकाणी ठराविक काळातल्याच फिल्म्स घेतात आणि ही तारीख नंतर बदलत बसलात तर संशय येतो. बजेटचा रकाना असतो, तिथे खरा आकडा टाका किंवा सक्ती नसेल तर सोडून द्या. विद्यार्थी असाल तर विद्यार्थी प्रोजेक्टवर टिक करायला विसरू नका, फीमध्ये फरक पडतो.

दिग्दर्शकाचं निवेदन ही जागा लोक वाया घालवतात. "मला लहानपणापासून विज्ञानाची आवड होती" याने सुरू झालेली निवेदनं ढिगाने येतात. तिथे सांगा की या विषयात तुम्हाला नेमकं काय कळत नव्हतं, शूट करताना काय दिसलं आणि ते याच रूपात का सांगितलं, म्हणजे अॅनिमेशन का, निवेदन का नाही, कॅमेरा जमिनीलगत का. दीडशे ते दोनशे शब्द पुरतात. शास्त्रज्ञ फिल्ममेकर असाल तर तुमचं संशोधन आणि फिल्म यांचा संबंध सरळ सांगा, हा तुमचा जोर आहे, आणि अशा फेस्टिव्हलना लॅबमधून आलेली माणसं हवीच असतात. इमॅजिन सायन्सने तर शास्त्रज्ञ आणि फिल्ममेकर यांची जोडी लावून फेस्टिव्हलच्या दिवसांत छोटी फिल्म करायला लावणारा सिम्बायोसिस नावाचा उपक्रमही केलाय, आपल्या पुण्याच्या कॉलेजशी त्याचा संबंध नाही.

स्टिल्स पाठवताना मोठ्या साइजच्या पाठवा, फिल्ममधून स्क्रीनशॉट मारलेल्या अंधुक फ्रेम नकोत. शूटच्या दिवशीच कुणाला तरी फोटो काढायला सांगून ठेवायचं. निवड झाली तर कॅटलॉगमध्ये, पोस्टरवर तोच फोटो जातो, आणि चांगला फोटो असलेल्या फिल्मला प्रसिद्धी आपोआप जास्त मिळते.

लिंक विमिओची देत असाल तर पासवर्ड सोपा ठेवा आणि निकाल येईपर्यंत बदलू नका. पाठवायच्या आधी ती लिंक इनकॉग्निटो विंडोत उघडून शेवटपर्यंत बघा, कारण तुमच्या स्वतःच्या लॉगिनमध्ये सगळंच चालतं. फिल्म युट्यूबवर पब्लिक असेल तर आधी त्या फेस्टिव्हलचा प्रीमियरचा नियम वाचा, काहींना ऑनलाइन आलेली फिल्म चालत नाही. शंका असेल तर एंट्रीच्या आधी प्रायव्हेट करून टाका.

पैशांचं. डेडलाइन टप्प्याटप्प्याने असतात, अर्ली बर्ड, रेग्युलर, लेट, आणि प्रत्येक टप्प्याला फी वाढते, म्हणून अर्लीमध्येच पाठवा, शिवाय तेव्हा बघणारे ताजे असतात. फी डॉलरमध्ये असते. तुमच्या डेबिट कार्डवर आंतरराष्ट्रीय व्यवहार बहुधा बंदच असतील, रिझर्व्ह बँकेच्या नियमामुळे नवीन कार्डावर ते बंद करूनच देतात, बँकेच्या अॅपमध्ये जाऊन चालू करा, लिमिट लावा आणि पैसे गेले की परत बंद करा. हे डेडलाइनच्या रात्री अकराला करायला जाऊ नका. आणि डेडलाइनची वेळ कुठल्या देशाची आहे ते बघा.

फी परवडत नसेल तर सवलत मागा, लाजायचं काही नाही. एंट्री भरायच्या आधी मेल करायचा, छोटा, साधारण असा: "मी महाराष्ट्रातल्या एका सरकारी कॉलेजात शिकतो. माझी अकरा मिनिटांची फिल्म खाऱ्या पाण्यातल्या सूक्ष्मजीवांवर आहे, मराठीत, इंग्लिश सबटायटल्ससह. फिल्म स्वखर्चाने केली आहे. फीमध्ये सवलत मिळू शकेल का? लिंक आणि पासवर्ड खाली देत आहे." बस. गरिबीचं मोठं वर्णन नको, स्तुती नको. काही जण सवलतीचा कोड पाठवतात, काही नाही म्हणतात, काही उत्तरच देत नाहीत, आठवडाभर वाट बघून पुढे जायचं.

आणि कृपा करून दर महिन्याला "अवॉर्ड" वाटणाऱ्या ऑनलाइन फेस्टिव्हलांच्या नादी लागू नका. आमच्या ओळखीतल्या एका मुलीला अशाच एका ठिकाणाहून लागोपाठ तीन अवॉर्डचे मेल आले आणि प्रत्येक ट्रॉफीसाठी वेगळे पैसे मागितले, प्रत्यक्षात फिल्म कुठेच दाखवलेली नव्हती. ओळखायचं सोपं आहे: मागच्या वर्षीचं वेळापत्रक शोधा, कुठल्या हॉलमध्ये, किती वाजता, कुठली फिल्म दाखवली. ते सापडत नसेल तर सोडून द्या. विद्यार्थ्यांचे पैसे असे जातात तेव्हा फार राग येतो.

आपल्याकडचे पर्याय आधी बघा असंही मी म्हणेन. विज्ञान प्रसार या सरकारी संस्थेने २०११ पासून राष्ट्रीय विज्ञान चित्रपट महोत्सव भरवला, त्यात शाळकरी मुलांसाठीसुद्धा वेगळा विभाग असायचा आणि बीव्हर नावाचे पुरस्कार. विज्ञान प्रसार ही संस्था २०२३ मध्ये बंद झाली, त्यामुळे सरकारी बाजूला आता इंडिया इंटरनॅशनल सायन्स फेस्टिव्हलच्या जाहिरातींवर लक्ष ठेवा, त्यात सायन्स फिल्म्सचा विभाग होत आलाय. पणजीला विज्ञान परिषद गोवा सायन्स फिल्म फेस्टिव्हल भरवते, तिथे शाळा-कॉलेजची मुलं मोठ्या संख्येने येतात, कोकणातून, कोल्हापुरातून सहज जाता येतं, एकदा नुसतं बघायला तरी जाच. बाहेरचे म्हणाल तर चेक देशातल्या ओलोमोउत शहरात १९६६ पासून चालू असलेला एएफओ हा सायन्स फिल्म फेस्टिव्हल आहे, आणि मुलांसाठीची फिल्म असेल तर जर्मनीच्या गोएथे इन्स्टिट्यूटचा सायन्स फिल्म फेस्टिव्हल, जो २००५ मध्ये थायलंडमध्ये सुरू झाला आणि आता बऱ्याच देशांत शाळांमध्ये फिल्म्स नेतो. प्रत्येकाचा प्रेक्षक वेगळा. इमॅजिन सायन्सला आवडेल ती प्रयोगशील, न उलगडून सांगणारी फिल्म गोएथेच्या शाळकरी प्रेक्षकाला जड जाईल, आणि तिकडची साधी समजावणारी फिल्म इकडे फिकी वाटेल. मागच्या दोन वर्षांची निवडयादी वाचा, जमतील त्या फिल्म्सचे ट्रेलर बघा, मग ठरवा.

निवड झाली तर मेलमध्ये एक यादी येते आणि वेळ कमी असतो. डीसीपी मागितली तर डीसीपी-ओ-मॅटिक नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, त्यात करता येते. तुमची फिल्म १९२० बाय १०८० असेल तर फ्लॅट डीसीपी करा, तिची फ्रेम १९९८ बाय १०८० असते, दोन्ही कडांना बारीक काळी पट्टी येईल, ती येऊ द्या, चित्र ताणू नका, ताणलंत तर स्केल बार चुकतो आणि गोल पेशी लंबगोल होतात. ओळखीच्या थिएटरवाल्याला सकाळच्या शोच्या आधी पाच मिनिटं लावून दाखवायला सांगा, लॅपटॉपवर न कळलेला आवाजाचा घोटाळा तिथे कळतो.

न्यूयॉर्कला स्वतः जायचं असेल तर अमेरिकेच्या व्हिसाच्या अपॉइंटमेंटला बराच वेळ लागतो, निकाल आल्यावर धावाधाव करून बहुतेकदा जमत नाही. आधीच व्हिसा असेल तर उत्तम, नाहीतर फेस्टिव्हलला सुरुवातीलाच सांगा की ऑनलाइन प्रश्नोत्तरांना हजर राहीन किंवा फिल्मच्या आधी दाखवायला मिनिटभराचा व्हिडिओ देईन. न्यूयॉर्क-न्यूजर्सीत मराठी मंडळी भरपूर आहेत, कुणी ओळखीचं असेल तर त्यांना शोला पाठवा, लोक काय बोलले, कुठे हसले, कुठे कंटाळले ते विचारून घ्या, पुढच्या एडिटला कामाला येतं.

निवड झाली नाही तर कारण विचारणारा मेल करू नका, शेकडो एंट्र्यांमध्ये ते उत्तर देऊ शकत नाहीत. त्याऐवजी फिल्मफ्रीवेच्या पानावर स्क्रीनर किती बघितला गेला ते दिसत असेल तर तपासा, लोक तिसऱ्या मिनिटाला सोडून जात असतील तर तिसऱ्या मिनिटात काय आहे ते उघडून बघा, कापा, नवीन फाइल चढवा, मग पुढच्या फेस्टिव्हलला पाठवा. ज्या सरांनी, ज्या गावकऱ्यांनी फिल्मसाठी वेळ दिला त्यांनाही कळवा की अमुक ठिकाणी पाठवली होती, नाही झाली, आता तमुक ठिकाणी पाठवतोय. बरेच जण हे कळवत नाहीत आणि मग पुढच्या फिल्मच्या वेळी त्याच लॅबचं दार वाजवायला संकोच वाटतो.